काळी शक्ती, पण चांगल्या कामासाठी

शनिवार, ३
लेक नोकरीला परगावी गेल्यापासून शनिवारचा हा अंतराळातला गेम हीच आमची भेट. मी कप्तान, ती मलमपट्टीवाली. आज तिने अट घातली: बाबा, काळी शक्ती वापरायची नाही. त्या शक्तीने लांबूनच गळा आवळता येतो, पण तिला लागणारा जीव जवळच्या साथीदाराच्या अंगातून जातो. मी शब्द दिला. नायकाने हात स्वच्छच ठेवावेत. नंतर चार हातांच्या सेनापतीने माझे दोन्ही उपटले. तरी मान ताठ ठेवली. मग तीही उपटली.

रविवार, ४
एकट्याने सराव, सोबत कॉम्प्युटरचा सैनिक. वाईटाशी लढायचं तर ते आतून कळायला हवं, म्हणून एका पहारेकऱ्याचा गळा आवळून पाहिला. डोळे बाहेर आले. फारच सोयीचं. सरावात शब्द मोडत नाही.

बुधवार, ७
दवाखान्यात एकाची अक्कलदाढ काढली. रक्ताची धार, बोंबाबोंब. जाताना मात्र थँक्यू म्हणाला. म्हणजे वेदना देणारा दुष्ट नसतो! असिस्टंटबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तो खुर्चीत स्वतःहून बसला होता. बाईंना तत्त्वज्ञान कळत नाही.

शनिवार, १०
नियम ठरवला: शक्ती फक्त दुष्टांवर, आणि मनापासून हळहळून. पहिल्या दोघांना हळहळलो. पुढे गर्दी वाढली. बोळभर मुडदे पाहून लेकीने विचारलं, हे कसे मेले? म्हटलं, गॅस गळला असेल. अगदीच खोटं नाही, श्वास कोंडूनच मेले.

शनिवार, १७
सेनापती संपला! आवळला, पिळला, फोडला, भिंती लाल. लेक तेव्हा माझा पाय बांधत होती. शेवटच्या पिळाला तिचा उरलासुरला जीव लागला. पुढच्या डावात उठतेच की! मी आनंदाने किंचाळलो. तिचा आवाज आला नाही. नेट खराब असावं.

शनिवार, २४
लेक आली नाही. फोन तिने आईला केला. ही म्हणाली, तिला पहिल्या मुडद्यापासून कळत होतं. तू गळा आवळलास की तिचाच जीव कमी व्हायचा. तरी तुझ्या जखमा बांधत राहिली. तिला वाटलं होतं, बाबा स्वतःहून सांगतील. मग तू गॅस म्हणालास.
पुढच्या शनिवारी सगळं सांगून टाकणार. नक्की.
तोवर एकटाच शिरलो. पहिल्याच पहारेकऱ्याने पोट फाडलं. बांधायला कोणी नव्हतं. हेडफोनमध्ये बराच वेळ माझंच ओरडणं ऐकू येत होतं.