बिनसाखळीची

सोलापूर,
१६ ऑक्टोबर १९७८

प्रिय प्रभा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून उत्तर दिलं नाही, म्हणून तुझी वहिनी माझ्यावर फणकारते आहे. एरवी कार्डाच्या दोन्ही बाजू भरून उपदेश पाठवणारा तुझा दादा गप्प बसला म्हणजे त्याला नक्की काहीतरी झालंय, असं मालतीचं म्हणणं. तसं काही झालेलं नाही. शाळा चालू आहे, सहामाहीचे पेपर तपासतोय, आठवीच्या पोरांनी व्याकरणाचा नेहमीसारखा चिवडा केलाय. तुला लिहायला बसलो की हात अडतो, एवढंच.

तू विचारलंस ते अगदी सरळ आहे. शिवलिंगप्पा मिस्त्रीची बायको गोजाबाई मंद्रूपहून एस.टी.नं बार्शीला आली, तुझ्या दारात बसली, पदर पसरून म्हणाली की नवऱ्यानं अन्न सोडलंय, बाई, एकदा माफ केलं म्हणा, म्हंजे तो दोन घास तरी खाईल. तू तिला पाणीही विचारलं नाहीस आणि मग तुलाही दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि मला लिहिलंस, दादा, तू सांगशील तसं करीन. हे शेवटचं वाक्य तू लिहिलं नसतंस तर फार बरं झालं असतं बघ.

उत्तराआधी मला तुला वेणीमाधवच्या गाडीचं सांगायचंय. तू बार्शीला जाताना ती आमच्या पडवीत ठेवून गेलीस, तिचं तोंड बघायचं नाही म्हणालीस. तीन वर्षं तिच्यावर मालतीची वाळवणं पडत होती. मग मी मागचे दातेरी गिअर बदलून घेतले आणि वापरायला काढली. तुला आवडणार नाही म्हणून कळवलं नव्हतं, रागावू नकोस. लढाईनंतर लिलावात निघालेलं ते मोटारसायकलचं अवजड धूड, त्याला मुळी साखळीच नाही. इंजिनापासून एक लोखंडी दांडा मागच्या चाकापर्यंत जातो, चाकापाशी तांब्याएवढा डबा, त्यात ते गिअर आणि त्यांचं स्वतःचं वेगळं ऑइल. गावात सगळे तिला बिनसाखळीची म्हणत. वेणीमाधव तुला बघायला आला तेव्हा हिच्यावरूनच आला होता, आणि तू दारातून आत पळून येऊन, मुलगा बरा आहे पण गाडी रेड्यासारखी आहे म्हणालीस. आम्ही किती हसलो होतो!

त्या डब्यात ऑइल नसलं तर गिअर एकमेकांना खातात, तापतात, अडकतात, आणि चाक धावता धावता जागच्या जागी थांबतं. हे मी तुला काय सांगू! डिसेंबर सत्तरमध्ये वडकबाळच्या पुलाअलीकडे तेच झालं आणि वेणीमाधव गेला. मंद्रूपला कुणाची तरी गाय अडली होती, गुरांचा डॉक्टर म्हणून वेणीमाधवला बोलावणं आलं होतं. त्या सकाळी शिवलिंगप्पानं तुमच्याच अंगणात गाडीचं काम काढलं होतं. त्यानं जुनं ऑइल काढून टाकलं, डबा रॉकेलनं धुतला, नवं ऑइल घातलंच नाही, आणि घातलं म्हणून माझ्याजवळ निरोप दिला. तुला हेच माहीत आहे, गावालाही हेच. लोकांनी त्याच्याकडे काम टाकणं बंद केलं, विजापूर वेशीतलं दुकान मोडून तो मंद्रूपला मेव्हण्याच्या वस्तीवर गेला, आणि त्यानं पुन्हा कधी पान्हा हातात धरला नाही.

आता यंदाचं ऐक. मधेच, दादाला म्हातारचळ लागला, असं म्हणू नकोस. आषाढात एकदा शाळेतून परत येताना मागून जात्यावर दळल्यासारखा आवाज यायला लागला. उतरून डब्याला हात लावला तर चटका बसला. नट काढून बोट घातलं, कोरडं ठाक. परवाच तर मी स्वतः भरलं होतं! गाडी ढकलत ईश्वरप्पाकडे नेली. हा नवा मिस्त्री, बोलतो कमी, हात चांगला. त्यानं चाक उतरवलं. रबरी सील फाटलं की ऑइल ब्रेकमध्ये उतरतं म्हणे, पण ब्रेक कोरडा. दांड्याची नळी बघितली, तीही कोरडी. तरी त्यानं सील बदललं, पॅकिंग बदललं, ऑइल भरलं. चार दिवसांनी डबा पुन्हा रिकामा, आणि खाली जमिनीवर डाग म्हणून नाही.

मी पडवीत गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली. मालतीनं तर चाकाभोवती रांगोळीचं गच्च रिंगण घातलं, म्हणाली, चोर असेल तर पाऊल उमटेल. रांगोळीचा कण हलला नाही आणि ऑइल गेलं. ईश्वरप्पाला बोलावलं, त्यानं उकिडवं बसून पुन्हा सगळं चाचपलं, मग हात पुसत म्हणाला, मास्तर, ऑइल खाली न्हाय, वर न्हाय, मागं न्हाय, पुढं न्हाय, मग आता मला इचारू नका. आणि हत्यारं गोळा करून गेला तो गेलाच. त्याचा मला असा राग आला की काय सांगू. पण खरं म्हणजे भीती वाटली होती.

मग भाद्रपदात मालती आठ दिवस माहेरी अक्कलकोटला गेली. आठही दिवस ऑइल जिथल्या तिथं! रोज सकाळी बोट घालावं, बोट ओलं. मला वाटलं, सुटलो. ती आली, आणि वेणीमाधवचं झाल्यापासून मी गाडी काढली की ती विचारते तसं तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, ऑइल घातलंत का? मी म्हटलं, घातलंय. बाहेर येऊन सहज नट फिरवला तर डबा कोरडा. प्रभा, घरात बोलून पडवीत यायला दहा पावलं लागतात! ऊन चांगलं टळटळीत पडलं होतं, शेजारी मागाचा खडखडाट चालला होता, आणि मी पुन्हा पुन्हा डब्यात बोट घालून बघत होतो.

मी मास्तर माणूस, पडताळा घेतल्याशिवाय बसवेना. रविवारी मालती शेजारी गेली तेव्हा डबा काठोकाठ भरला आणि एकटाच गाडीसमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, घालतो. बोट घातलं, ओलं. पुन्हा म्हणालो, घालणार आहे. ओलंच. मग म्हणालो, घातलंय. आतून बारीक आवाज आला, कुणी तहानलेल्यानं घोट घ्यावा तसा. आणि डबा कोरडा. तेव्हापासून तो शब्द मी घरात उच्चारला नाही. मालतीनं विचारलं की नुसती मान हलवतो, आणि ती म्हणते, वाचा बसली काय तुमची!

अशात तुझं पत्र आलं. मंद्रूपला जायला मला नऊ दिवस लागले. गेलो तेही एस.टी.नं, गाडी काढायची हिंमत नव्हती. शिवलिंगप्पा वस्तीवर दाराबाहेर घोंगड्यावर बसला होता. अंगानं निम्मा झालाय. दोन्ही हात त्यानं राखेच्या घमेल्यात कोपरापर्यंत खुपसले होते. मला बघून उठायला गेला, हात बाहेर आले, आणि मला तो वास आला. गिअरच्या ऑइलचा, कुबट, गंधकासारखा. तळव्यांच्या रेषारेषांतून ऑइल पाझरत होतं. गोजाबाई सांगत होती, आषाढापासनं असं चाललंय की. सोडा झाला, रिठे झाले, चुना झाला, धुतलं की दोन दिस बरं, की पुन्हा येतंय. भाकरीला हात लावला की भाकरी कडू. ती भरवायची तर तेही त्यानं आता सोडलं. कोणकोणत्या दिवशी आलं ते तिला पाठ होतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, बेंदराच्या दिवशी, गौरी उठल्या त्या दिवशी. मध्ये आठ दिवस आलं नाही तर तिला वाटलं, देव पावला. हे सगळे दिवस माझेच होते, प्रभा. माझा डबा नेमका याच दिवशी कोरडा पडला होता.

त्या माणसानं आठ वर्षांत गाडीला हात लावलेला नाही. डॉक्टरसायबाचा शाप हाय, म्हणाला, माझ्या तोंडातनं खोटं गेलं, त्याचं हाताला फुटलंय. मग माझ्याकडे सरकला. म्हणाला, मास्तर, लई वर्सं झाली, आता माझं मलाच कळंना. तुमी कानानं ऐकलाय. मी त्या दिशी काय म्हणालो ते एकडाव सांगा की. डोळे असे लावून बसला होता की खोटं बोलायला दगडाचं काळीज हवं. आणि मी बोललो. म्हणालो, तू घातलंय म्हणालास, शिवलिंगप्पा. तर माझ्यादेखत, भर बारा वाजता, त्याच्या दोन्ही ओंजळी भरून आल्या आणि ऑइल खाली घोंगड्यावर सांडायला लागलं. गोजाबाई किंचाळली. मी चपला पायात न घालता सडकेपर्यंत पळालो.

आता शेवटचं लिहितो आणि हे पत्र लगेच पेटीत टाकतो, कारण घरात ठेवलं तर फाडून टाकीन, मी माझं मला ओळखतो. त्या सकाळी शिवलिंगप्पा तुमच्या अंगणातून सायकलवर बाहेर पडत होता, मी आत येत होतो. माझी सासुरवाडी अक्कलकोटची, चार कानडी वाक्यं येतात म्हणून मी त्याच्याशी मुद्दाम कानडी बोलायचो, तुला माझी ती मिजास ठाऊक आहे. तो घाईत म्हणाला, एण्णी हाकतीनी, डॉक्टरसायबांना हेळ्री. ऑइल घालतो, डॉक्टरांना सांगा. तो बाजारात ऑइल आणायलाच चालला होता. कानडीत हाकतीनी म्हणजे घालतो, आणि हाकीनी म्हणजे घातलंय. वेणीमाधव बूट चढवत होता, त्यानं विचारलं, काय म्हणतोय मिस्त्री? आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ऑइल घातलंय म्हणतो. मधला त मी खाल्ला, प्रभा. एवढी चूक झाली, ती कुणाच्याही हातून झाली असती. पण तिसऱ्या दिवशी शिवलिंगप्पा तुमच्या दारात ऊर बडवत आला, मी तर हाकतीनी म्हटलं होतं, असं ओरडला, तेव्हा मला लख्ख आठवलं. तू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या त्या बघण्याला मी भ्यालो, आणि चारचौघांत उभा राहून म्हणालो, खोटं बोलू नकोस, तू हाकीनी म्हणालास. शाळेतल्या मास्तरापुढे मिस्त्रीचं कोण ऐकणार? हळूहळू त्यानं स्वतःचंही ऐकणं सोडलं. अकराच्या एस.टी.नं मी आज पुन्हा मंद्रूपला जाऊन त्याला हे सांगणार आहे, गोजाबाईसमोर, तिथल्या चार माणसांसमोर. तुला आधी लिहिलं, कारण तुला कळलं म्हणजे मला माघार घ्यायला जागा उरत नाही. तू विचारलंस, माफ करू का? त्याला माफ करण्यासारखं त्यानं काही केलेलंच नाही. जमलं तर तूच जा आणि तुझ्या हातानं त्याला घास भरव. तुझं कुंकू गेल्यावर सात भाऊबिजा तू मला ओवाळलंस, दादा आहे म्हणून मी उभी आहे म्हणालीस, आणि सातही वेळा मी तुझ्या ताटात ओवाळणी घालून पोटभर जेवून आलो. यंदा पंधरा दिवसांवर भाऊबीज आली आहे. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

तुझाच म्हणायचं की नाही ते आता तू ठरव,
गोपाळदादा