साबणवाले जिंकले तर

सांपालोक, मनिला
११ सप्टेंबर १९८८

प्रिय पिनिंगताई,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो मिळाले. थोरला थेट आपल्या वडिलांवर गेलाय, कान तर तेच! इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या भावजयीचे, कोरिंगचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्या जोडीला ती स्वतः. सलून बरं चाललंय. लोकांचे केस वाढायचे थांबत नाहीत तोवर आपल्याला काळजी नाही.

आता खरी बातमी. आपले साबणवाले हरले. पुन्हा. मरिलाग साबण कंपनीच्या बास्केटबॉल संघाने या सीझनमध्ये अजून एकही सामना जिंकलेला नाही. तुला आठवतं, तू रेफ्रीला चप्पल फेकून मारली होतीस आणि एका पायाने अनवाणी घरी आली होतीस? तेव्हा निदान राग येण्यासारखा खेळ तरी होता. आता नुसती कीव येते. अमेरिकेहून आणलेला खेळाडू पोट बिघडलं म्हणून परत गेला. त्याच्या जागी दुसरा अमेरिकन आणलाय, ओटिस नावाचा. इतका काटकुळा, की त्याला टीव्हीवर बघून तिबोभाऊ म्हणाले, "सेल्मो, हा बगळा आहे रे! ह्याला चेंडू कशाला देता, मासा द्या." तिबोभाऊ म्हणजे आमच्या समोरचे खाटीक, अगिला बॅटरीच्या संघाचे भक्त. बॅटरीवाले सध्या पहिल्या नंबरावर आहेत, त्यामुळे भाऊ हल्ली दाढी वाढलेली नसली तरी दाढीला येतात.

आमची पोरगी लिगाया बरी आहे. तिला तुमच्या शिकागोच्या एका हॉस्पिटलचं नर्सच्या नोकरीसाठी बोलावणं आलंय, वर्षअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय, हे मला माहीत आहे. तिथे तिचं नाव तूच सुचवलंस हेही माहीत आहे. त्यावर मला काही लिहायचं नाही. तो विषय मिटलाय. कसा मिटला ते मात्र सांगतो, तुला हसू येईल.

गेल्या शुक्रवारी आम्ही कियापोच्या चर्चला गेलो होतो. काळ्या नाझारेनो येशूच्या पाया पडायला ही रांग! माझा नंबर आला, मी मूर्तीच्या पावलावर हात ठेवला, तेवढ्यात मागून लिगाया म्हणाली, "बाबा, आज काय ते सांगा. हो की नाही?" आता ही काय वेळ झाली? माझं डोकं फिरलं. हात पावलावर तसाच ठेवून मी म्हणालो, "साबणवाले चॅम्पियन झाले तर जा!"

 मागची एक म्हातारी बोळकं पसरून म्हणाली, "नवस ऐकला हो मी! साक्षीदार आहे." आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत लिगाया एक शब्द बोलली नाही. बोलेल हळूहळू.

तिकडे थंडी सुरू होईल, जपून राहा.

तुझा धाकटा,
सेल्मो

*

सांपालोक
२० नोव्हेंबर १९८८

प्रिय ताई,

खुशाल असशील. आम्ही आहोत म्हणायचं.

बगळ्याला पंख फुटले गं. त्या ओटिसने पहिल्याच सामन्यात बास्केटखाली असा काही धुमाकूळ घातला की समालोचकाचा घसा बसला. आणि आपला डोडोंग अब्रेनिका! माझ्या खांद्याएवढा पोरगा, पण दोन धिप्पाड माणसांच्या मधून असा निसटतो की ते एकमेकांनाच धरून बसतात. साबणवाले जिंकत सुटलेत. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते होतंय, आणि मला प्रत्येक बास्केटला लिगायाचं विमान दिसतं.

सलूनमध्ये लोक विचारतात, "काय सेल्मो, संघ जिंकतोय आणि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?" मग दुसरा कोणीतरी त्यांना नवसाची गोष्ट सांगतो. ती कियापोची म्हातारी आमच्या गल्लीतल्या पाववाल्याची मावशी निघाली. माझं नशीब बघ! आता सगळ्या गल्लीला माहीत आहे. ज्या बायकांनी जन्मात बास्केटबॉल पाहिला नाही, त्या लिगायासाठी साबणवाल्यांच्या नावाने मेणबत्त्या लावतात. आणि तिबोभाऊ मला डोळा मारून म्हणतात, "घाबरू नकोस, फायनलला आमच्याशी गाठ आहे. तुझी पोरगी आम्हीच वाचवू." परवा मी त्यांची दाढी करत असताना टीव्हीवर ओटिसने बास्केट केली आणि माझा वस्तरा घसरला. फार नाही लागलं. पण भाऊंनी बोंब अशी ठोकली की समोरचं गिऱ्हाईक उठून गेलं.

कोरिंग म्हणते, "नवस बोलताना जीभ कुठे गहाण ठेवली होतीस?" आणि लिगाया? पेपरातून निकालाची कात्रणं कापते आणि आरशात खोचून ठेवते, बस.

ताई, तुला एक सांगतो, कोणाला बोलू नकोस. सेमीफायनलच्या शेवटच्या सामन्यात डोडोंग दोन फ्री थ्रो फेकायला उभा राहिला. दोन्ही घातले तर आपण फायनलमध्ये. सगळं सलून हात जोडून उभं. मीही जोडले. आणि मी मागितलं, की देवा, चुकू दे त्याचा. माझ्याच संघाच्या, माझ्याच लाडक्या पोराचा. त्याने दोन्ही घातले. लोक नाचले आणि मी झाडू घेऊन केस गोळा करत बसलो. माझी मलाच लाज वाटली.

मी असा का झालो ते तू विचारू नकोस. तुला ठाऊक आहे. तू दोन वर्षांसाठी म्हणून गेलीस. आई दर नाताळला तुझं ताट वाढायची आणि कोणी उचललं तर हातावर मारायची. मग तिकडे तुझं लग्न झालं, घर झालं, मुलं झाली. सगळं चांगलंच झालं. खोकी यायची, त्यात साबण, चॉकलेट, आईला स्वेटर. मनिलात स्वेटर! ती घालून बसायची गं, घामाने निथळत. आणि ती गेली तेव्हा तुझी तार आली.

तार.

जाऊ दे. लिहायचं नव्हतं, लिहून गेलो. आता खोडलं तर कागद घाण दिसेल. तुझी पाठ कशी आहे?

तुझा,
सेल्मो

*

सांपालोक
१९ डिसेंबर १९८८

प्रिय ताई,

चर्चमधली पहाटेची मिस्सा करून आलोय आणि सलून न उघडता लिहायला बसलोय. बाहेर गिऱ्हाईकं दार वाजवताहेत. वाजवू देत.

फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली. तीन त्यांचे, तीन आपले. लिगायाने कुबाओच्या कोलिझियमची दोन तिकिटं आणली, सगळ्यात वरची, जिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि मी. दुसरं कोणी नको." तिबोभाऊ खाली कुठेतरी बॅटरीवाल्यांच्या गर्दीत होते.

संपूर्ण सामना मी हातावर हात दाबून बसलो. कोणाच्या बाजूने ओरडावं तेच कळेना. बॅटरीवाल्यांनी बास्केट केली की छातीवरचं ओझं उतरायचं, आणि लगेच तोंडात शिवी यायची, कारण शेवटी पिढ्यान्‌पिढ्यांचे शत्रू ते. आपण पुढे गेलो की उलटं. शेजारच्या माणसाने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

शेवटची काही सेकंदं उरली आणि आपण एका गुणाने मागे. सगळे उभे. ओटिसकडे चेंडू गेला, त्याच्यावर तिघे तुटून पडले. त्याने तो पायांमधून मागे सारला. डोडोंगने उचलला आणि जाग्यावरून फेकला. चेंडू रिंगवर आपटला, वर उडाला, परत रिंगवर आला. तेवढ्या वेळात मी काय मागितलं सांगू? काहीच नाही. मागायचं सुचलंच नाही. मी नुसता बघत होतो, आपण दोघं लहानपणी बघायचो तसा.

चेंडू आत पडला.

आणि मी उडी मारली, ताई! पाणी विचारणाऱ्या त्या माणसाला उचललं, त्याने मला उचललं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, रडलो, लिगायाला कवटाळलं, तिच्या कानात किंचाळलो, "जिंकलो गं, जिंकलो! चॅम्पियन!" मला कसलंही भान नव्हतं. मग तिचा चेहरा दिसला. ती ओरडत नव्हती. तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला आठवलं.

बाहेर जीपनीची वाट बघत उभे राहिलो. लोक भोंगे वाजवत, झेंडे नाचवत चालले होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणा. मी नाझारेनोला सांगेन, नवस माझ्यामुळे मोडला म्हणून."

मी म्हणालो, "वेडी का तू? देवाच्या पायावर हात ठेवून बोललोय."

"बाबा, शेवटच्या मिनिटाला मी देवाला म्हणाले, हरू देत ह्यांना."

"तू?"

"भीती वाटली. एकदम. तिथे कोणी ओळखीचं नाही, बर्फ, ती माणसं, ती भाषा. वाटलं, हरले तर बरं, मग जायचं की नाही ते ठरवणं माझ्यावर राहणार नाही."

मी तिला माझं फ्री थ्रोचं पाप सांगितलं. ती आधी बघतच राहिली, मग हसायला लागली. मग दोघंही एवढे हसलो की लोकांना वाटलं आम्ही प्यायलोय. डोळे पुसत ती म्हणाली, "पण बाबा, भीती वाटते तरी मला जायचंय."

 नुसत्या नवसासाठी पाठवायचं असतं तर मी तिला चडफडत पाठवलं असतं. पण ती हे बोलली, म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जा." माझ्या तोंडून मोकळेपणाने गेला तो शब्द. कसा गेला, मलाही कळलं नाही.

तिबोभाऊ सकाळी डुकराची अख्खी मांडी घेऊन आले. डोळे लाल. मी म्हणालो, "भाऊ, हरलात म्हणून एवढं?" तर म्हणाले, "गप रे. हरण्याचं काय, पुढच्या वर्षी बघून घेऊ. पोरगी वाचवता आली नाही."

लिगायाची भीती ऐकली तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. तुलाही वाटली होती का भीती? विमानतळावर तू सगळ्यांना हसवत होतीस, कोणाच्या टोपीवरून काहीतरी बोललीस. मी तुझी बॅग धरून उभा होतो. तू कधी लिहिलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. मी रागावलेला होतो आणि एवढी वर्षं पत्रात बास्केटबॉल लिहीत राहिलो. आईच्या वेळी तुला का येता आलं नाही, तेही विचारलं नाही. सुट्टी नव्हती? कागद झाले नव्हते? की येऊन परत जाता येणार नाही असं वाटलं? सांगितलंस तर ऐकून घेईन. भांडणार नाही, जमेल तेवढं.

लिगाया जानेवारीत निघेल. तिला घ्यायला तू स्वतः जा, नवऱ्याला पाठवू नकोस. पहिले काही दिवस तिला एकटी झोपू देऊ नकोस. बर्फावर कसं चालायचं, कोट कसला घ्यायचा, मोठ्या नर्सशी कसं बोलायचं, पगार कसा राखायचा, सगळं शिकव. तुझ्याइतकं कोणाला येतं?

फक्त परत न येणं तेवढं शिकवू नकोस.

तुझी अजूनही वाट बघणारा,
सेल्मो