शिड्या वर, सामान आत

बुधवार, ५ मार्च

टप आणला! जुनाच, पण धडधाकट. पांढरा, फायबरचा, मागे वर उचलायची काच, तिला कुलूप. पिकअपच्या हौद्यावर छपरासारखा असा बसला की जणू तिच्याच मापाने बेतलाय. आता लांबीची, म्हणजे भिंतीच्या पुट्टीची, पोती भिजणार नाहीत आणि रंग फवारायचं यंत्र रोज संध्याकाळी उतरवून घरात न्यायला नको.

बाबा पाय मोकळे करून आले. गाडीभोवती एक फेरी मारली. सासरे म्हणून ते मला कधी टोचून बोलले नाहीत, पण रंगारी म्हणून सोडत नाहीत. म्हणाले, "छान आहे. शिड्या कुठे ठेवायच्या?"

शिड्या. इतकी वर्षं त्या उघड्या हौद्यात तिरक्या पडायच्या, टोकाला लाल फडकं बांधून. आता हौद्यालाच छप्पर झालं. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"बघितलंय मी त्याचं," म्हटलं.

काडीचंही बघितलं नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

घरात ज्याला त्याला मत आहे. नवरा बेकरीतून आला तो सल्ला घेऊनच. टप काढ, हौद्यावर गुंडाळायचं चपटं झाकण बसव, दोन्ही बाजूंना शिड्यांच्या कॅरिअरचे पाय उभे कर, झाकण खालच्या खाली सरकत राहील. वाईट नव्हता सल्ला. पण फवारायचं यंत्र चपट्या झाकणाखाली मावत नाही. "मग आडवं ठेव," म्हणाला. आडवं ठेवलं की तेल गळतं. पावात यीस्ट किती घालायचं हे मी त्याला कधी सांगते का?

दुपारी बाजारातून तयार कॅरिअर आणलं. दोन आडव्या पट्ट्या, चार पाय. सरळ टपाच्या छतावर आवळून टाकलं. शिड्या वर, सामान आत. आई गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "गाडीला मुकुट आला गं." बाबांनी कॅरिअरवर हात ठेवला, जरा हलवून पाहिलं आणि आत गेले.

गुरुवार, १३ मार्च

टप फुटला.

चौकात पुढच्या गाडीने कच्चकन ब्रेक लावला, मीही लावला. शिड्या जागच्या हलल्या नाहीत. पण मागून असा आवाज झाला की गाडी तिथेच बाजूला घेतली. उतरून पाहिलं तर कॅरिअरच्या पुढच्या पायापासून काचेपर्यंत तडा. पाठोपाठ अवकाळी पाऊस. लांबीची दोन पोती लगदा झाली.

बाबा शेजारीच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. घरी येईपर्यंत नाही, जेवतानाही नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आणि चोवीस तारखेला ग्रंथालयाचं काम सुरू! तीन मजली इमारत, बाहेरून सगळी. आठवडाभरच बंद ठेवणारेत. आजवरचं सगळ्यात मोठं काम, आणि मी माझ्या नावावर घेतलेलं पहिलंच.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी उठले तर बाबा अंगणात. टपावरचं कॅरिअर काढून ठेवलेलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"परांची बांधतो तेव्हा भार कुठे देतो आपण?" त्यांनी विचारलं.

"जमिनीवर."

"भिंतीला नुसती टेकवतो. आणि तू काय केलंस? सगळा भार भिंतीवर टाकलास. टपाला पत्ताच लागायला नको, की वर शिड्या आहेत."

काल ते रागावले नव्हतेच. विचार करत होते. इतकी वर्षं या माणसाबरोबर काम करतेय, तरी गप्प बसण्यातला फरक मला अजून कळत नाही.

मग दोघं हौद्यात शिरलो. टपाच्या आत लोखंडी सांगाडा करायचा. चार खांब हौद्याच्या पत्र्याच्या कडांवर बोल्टने पक्के, वर छताला लागून आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांतून बोल्ट छताबाहेर काढायचे आणि त्यांच्यावर कॅरिअर. शिड्यांचा भार बोल्टमधून सांगाड्यावर, सांगाड्यातून गाडीवर. टप फक्त पाऊस अडवणार.

"पण छताला भोकं पडणार," मी म्हटलं. "पाणी गळेल."

"ते तू बघ. टप तुझा हट्ट."

रविवार, १६ मार्च

सांगाडा वेल्डरकडे टाकला. तो म्हणतो, नुसतं कॅरिअर करतो, नुसता टपही बसवतो, पण दोन्ही एकमेकांत घुसवायला आलेले तुम्ही पहिलेच. बाबा म्हणाले, "आमच्या घरात एका मताने काही होत नाही. म्हणून दोन्ही."

मी आत पडून फायबरच्या कापडाने आणि राळेने तडा बुजवला. हाताला राळ, केसांना राळ. नवऱ्याने पाव दिला तोही बोटांना चिकटला.

शुक्रवार, २१ मार्च

सांगाडा बसला. बोल्ट बाहेर आले तिथे आतून-बाहेरून जाड रबराचे वायसर, वर सीलंट. आतल्या पट्टीला मी आकडे लावून घेतले. रोलर, ब्रश, दोर, सगळं टांगलेलं. बाबांनी एकेक आकडा ओढून पाहिला. "हे मला सुचलं नसतं," म्हणाले. एवढंच. पण म्हणाले!

मग पाण्याची परीक्षा. बाबा टॉर्च घेऊन आत बसले, मी वरून पाइपने पाणी सोडलं.

"गळतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं."

"आता तरी?"

"तुला गळायला हवंय का?"

आई हसून हसून पायरीवर बसल्या.

शनिवार, २२ मार्च

शिड्या लादून खडबडीत रस्त्यावर मुद्दाम आपटत नेली. छताला ओरखडासुद्धा नाही. झोप लागेल आज.

सोमवार, २४ मार्च

ग्रंथालय. एका खेपेत सगळं पोचलं. शिड्या, फळ्या, डबे, यंत्र. वाटेत पावसाची एक सर आली, आत सगळं कोरडं ठणठणीत.

खरा पेच पुढे होता. लांब शिडी भिंतीला लावली आणि बाबा सवयीने पहिल्या पायरीवर चढले. त्यांचा गुडघा कसा झालाय ते मला ठाऊक आहे, त्यांनाही आहे. पण घरात कुणी बोलत नाही. मी नुसती शिडीला हात धरून उभी राहिले.

त्यांनी वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग उतरले, शिडीच्या पायथ्याला आपला पाय टेकवला.

"वर तू," म्हणाले. "खाली मी आहे."

मी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले. खाली बघितलं तेव्हा दर वेळी ते दोन्ही हातांनी शिडी धरून माझ्याकडेच बघत होते.

शनिवार, २९ मार्च

काम संपलं! रंग बाबांनी मिसळला. इतका बेतशीर की उतरत्या उन्हात भिंत मलईसारखी दिसते. मुख्य ग्रंथपालबाई बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "मालक कोण तुमच्यात?" मी बाबांकडे बोट दाखवलं. ते डबे धूत होते, त्यांना ऐकू गेलं नसावं.

रविवार, ३० मार्च

उठले तर पिकअप नाही. शिड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, डबे जिन्याखाली ओळीने. आई-बाबांची खोली रिकामी, गादीसुद्धा नाही. फोन केला तर आईंनी उचलला, मागे समुद्राचा आवाज. म्हणाल्या, हौद्यात गादी टाकलीय, काच उघडी ठेवून लाटा बघत चहा पितोय. मी विचारलं, परत कधी येणार? त्यांनी बाबांना विचारलं. बाबांचा आवाज लांबून आला, "मला काय विचारतेस? रजा किती द्यायची ते मालकिणीने ठरवायचं."