सेजलच्या घरचा चमचा

मंगळवार, हिंगणी

आज सातवीला मिलिलिटरचं लिटर करायला शिकवलं. तासानंतर सेजल थांबली. दप्तरातून घरचा चमचा काढून म्हणाली, "मॅडम, डॉक्टरनं भावाले तापाचं औषध पाच एमएल सांगतलं. आई हा चमचा भरून देते. बरोबर हाय ना?"

मोजपात्रात चमचाभर पाणी ओतलं. दहा. पात्र रिकामं करून पुन्हा मोजलं, तरी दहाच. भाऊ जेमतेम वर्षाचा.

"म्हंजे डबल," सेजलच म्हणाली. गुणोत्तर तिला इतक्या पटकन कधी जमलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरी गेले. ताप उतरलेला, पोरगा आईच्या मांडीवर खेळत होता. तरी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. औषध कालच सुरू केलं होतं. ते म्हणाले, आज आणखी देऊ नका, सकाळी आणून दाखवा. सेजलनं औषधाच्या खोक्यातलं मोजायचं झाकण शोधलं आणि आईला पाचची रेघ दाखवली.

आईनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "मले वाटलं चमचा म्हंजे चमचाच. सेजल लहान होती तवा तिलेबी याच चमच्यानं देलं मी."

इतकी वर्षं वर्गात लिटर शिकवते, चमच्याबद्दल कधी विचारलंच नाही कुणाला.

सेजलनं भावाला कडेवर घेतलं. "म्हणून तं मी इतकी हुशार झाली, आई."

आई हसली. मला मात्र हसू यायला वेळ लागला.