बाटलीवरचा माझा फोटो

नोव्ही साद,
३ नोव्हेंबर

प्रिय रादोये दादा,

तू आणि आई बरे असाल. थंडी सुरू झाली की आईचे गुडघे दुखतात, तिला तळघराच्या पायऱ्या उतरू देऊ नकोस. आंबवलेल्या कोबीचं पिंप तूच वर आण. मी ठीक आहे. प्रयोगशाळेत काम खूप आहे. बस कंपन्यांकडून वापरलेलं तेल येतं, ते तपासून इंजिन आतून किती झिजलंय हे आम्ही सांगतो. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

आठ तारखेला मित्रोवदान, आपल्या घराच्या संताचा दिवस. यंदा मी घरच्या सणाला येणार नाही. आईला सांग, रजा मिळाली नाही.

रजा मिळाली आहे.

ईस्टरला आपल्या गॅरेजात काय झालं होतं ते तुला आठवत असेल. रविवारच्या गाड्यांच्या बाजारात ज्या यंत्रावर दाखवून तू ‘दुगोवेक’ हे इंजिनाचं औषध विकतोस, ते तिथे ठेवलं होतं. फिरतं पोलादी कडं, त्याच्यावर दाबलेला रूळ, आणि दांडीला लटकवायची वजनं. नुसतं इंजिन ऑइल असलं की दोनेक वजनांत ते किंचाळून अडकतं. त्यात दुगोवेकचे थेंब घातले की सगळी वजनं लटकवली तरी फिरत राहतं. मी आत जाऊन आईचा शाम्पू आणला आणि दुगोवेकऐवजी तो घातला. सगळी वजनं लटकवली. यंत्र फिरत राहिलं.

मला वाटलं, तू हादरशील. तू हसलास.

“मग शाम्पूच विकू या. फेस फुकट.”

“दादा, या यंत्रावर जे जिंकतं ते इंजिनात उपयोगी पडत नाही. इंजिनात धातू असा धातूवर घासतच नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“ठाऊक आहे?”

“पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. हिला शिकवली मी, आणि ही मला शिकवायला निघाली. अगं, बाजारात येणाऱ्या माणसाला औषध नकोच असतं. इंजिन उघडावं लागणार नाही, एवढं कुणीतरी सांगायला हवं असतं त्याला.”

तुला माहीतच नसेल, अशी माझी तोवर खात्री होती. नीट दाखवलं की तू थांबशील असं वाटलं होतं.

मे महिन्यात पेट्रोल पंपावर, दुगोवेकच्या बाटलीवर, मला मीच दिसले. आईच्या कपाटावरचा, पदवी घेतल्याच्या दिवशीचा माझा फोटो, वर कुणीतरी चिकटवलेला पांढरा कोट, आणि खाली ‘आमच्या इंजिनिअरची पसंती’. मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, “घरातली पहिली इंजिनिअर आहेस, गावाला बघू दे की. लोक बारीक अक्षरं वाचत नाहीत तियाना, चेहरा वाचतात.” मी दुगोवेक तपासल्याचं सांगायला लागले. त्यात दाट खनिज तेल आहे आणि एक क्लोरीनचं रसायन, जे गरम इंजिनात ओलाव्याशी मिसळून आम्ल होतं आणि बेअरिंग खातं. ‘आम्ल’पर्यंत पोचले आणि तू फोन ठेवलास.

स्रेतेन कुमांची व्हॅन बंद पडली हे तुला कळलंय. कशी पडली हे कळलेलं नाही.

बाप्तिस्म्याला आपल्या दोघांना ज्यांनी हातात धरलं, त्या आपल्या धर्मपित्याने जूनमध्ये व्हॅनच्या डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकताना पाहिला. मेकॅनिक म्हणाला, इंजिनातला तेलाचा पंप झिजलाय, इंजिन उघडावं लागेल. रासबेरीचा हंगाम तोंडावर होता. कुम पेट्रोल पंपावर गेले, बाटलीवर मला पाहिलं, आणि दोन बाटल्या ओतल्या.

दिवा विझला. विझणारच, तेल दाट झालं की दाब वाढतो. पंप होता तसाच होता. कुमांनी गावभर सांगितलं की आमच्या तियानाचं औषध लागू पडलं.

हंगाम ऐन भरात असताना अरिल्येच्या चढावर इंजिन जाम झालं. मागे रासबेरीच्या पेट्या भरलेल्या. ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत दाराखालून लाल रस रस्त्यावर वाहत होता. शीतगृहाने तो माल घेतला नाही, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या दुसऱ्या गाडीला दिल्या. तुझ्या बाटलीने पंप मोडला असं मी म्हणत नाही. तिने फक्त त्यांना तो दुरुस्त करू दिला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. वाटलं, रागावतील.

“तियाना बाळ, कामात आहेस का? एक विचारायचं होतं.”

“विचारा ना, कुम.”

“मी दोनच बाटल्या घातल्या गं. कमी पडल्या का? फोटो तुझा होता म्हणून डोळे मिटून घेतल्या, सूचना काही वाचल्या नाहीत, चष्मा घरी होता. आता एक जुनं इंजिन बघून ठेवलंय. त्यात किती घालू?”

दादा, चूक त्यांची कुठे झाली, हे ते मला विचारत होते.

मी सांगितलं. पिंपभर ओतलं असतं तरी उपयोग नव्हता. फोटो मला न विचारता लावला. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या, त्यातून कुमांनी विचारलं.

“रादोयेला माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. “हो,” म्हटलं.

“बरं.” मग म्हणाले, “मित्रोवदानला मी येतोय. संताच्या सणाला काय, कुणी बोलवायची वाट बघतं का. पण त्याला यातलं काही सांगू नकोस. पाहुण्यांनी भरलेलं घर असेल, पोराला माझ्याकडे बघवणार नाही.”

त्यांनी सांगू नको म्हटलेलं मी तुला सांगतेय. आठ तारखेला बाबांच्या जागी तू उभा असशील, समोर कुम. दोघं मिळून सणाचा पाव हातात फिरवाल, त्यावर वाईन ओताल, मोडाल. ते पावाचं चुंबन घेतील, मग तुझं. नंतर विचारतील, “धंदा कसा चाललाय?” आणि तू काय सांगतोस ते निमूट ऐकून घेतील. ते मला बघवणार नाही, म्हणून मी येत नाही.

पाव मोडायच्या आधी त्यांना तू स्वतः सांग, की तुला सगळं ठाऊक होतं. नऊ तारखेला माझा चेहरा पेट्रोल पंपावर दिसला, तर मी ती बाटली आणि माझी तपासणी घेऊन सरकारी बाजार-निरीक्षकाकडे जाईन, आणि तुझं नाव घेईन. आजही जाता आलं असतं. कुमांना त्या दिवशी तुझ्या घरी मानाने बसता यावं, एवढ्यासाठीच थांबले आहे.

मी शाळेत होते तेव्हा तू शेजाऱ्यांना सांगायचास, “आमची तियाना म्हणाली ना, मग ते तसंच असणार.” दारातून कान देऊन मी ते ऐकायचे आणि आणखी अभ्यास करायचे.

आईला माझ्या वाटची मिठी मार. आणि पाव फिरवताना खाली बघू नकोस.

तुझी, जिला तू शिकवलंस ती,
तियाना