बागेतली बेणणी

कामोठे, पनवेल
ता. २२ सप्टेंबर २०२५

चि. मिताली हीस आजीचा आशीर्वाद.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझा बाप अविनाश बाजूला उभा राहून कान देतो, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, माझी शाळा चौथीत सुटली.

तुझा आजा सेक्टरच्या बागेत शिरून फुलझाडं उपटतो. बाग हाय तिथं आपलं भातशेत होतं, सरकारनं घेतलं, हे तुला ठाऊक हाय. त्याला वाटतं शेत अजून तिथंच हाय आणि भातात हे लाल-पिवळं तण माजलंय. तेरडा, कोंबडा, झेंडू, सगळं मुळासकट काढून फुटपाथवर रचतो, बांधावर रचावं तसं. काम एवढं सुबक की माळी बोलला, बाबांना नोकरीत घ्या. वॉचमनला हसू आलं नाय. पुन्हा दिसला तर पोलिसात देईन बोलला. तेव्हापासून अविनाश कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. म्हातारा दिवसभर दार वाजवतो, बेणणी राहिली, तण काढायचंय म्हणतो. आतमध्ये मी पण हाय, ते कुणाच्या ध्यानात नाय.

तू नर्सिंग शिकतेस, काही सुचव. नुसतं काळजी घ्या लिहू नकोस.

तुझी आजी रंभा


नाशिक
ता. ३० सप्टेंबर २०२५

ती. आजीस मितालीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांवर फार चिडले आहे. पण मी सांगून ते कुलूप काढणार नाहीत. आमच्या मॅडम म्हणतात, अशा माणसाशी वाद घालू नये, त्याच्याच कलानं घ्यावं. तू आजोबांना सांग, यंदा कापणी लवकर झाली. शेतात भातच नाही तर बेणणार काय? खोटं बोलणं तुला जड नाही. माझ्या शाळेत माझी पोटदुखी तूच कळवायचीस.

दोघं वेळेवर जेवत जा. चार शिव्या घाल, पण लोभ असू दे.

तुझी मिताली


कामोठे
ता. १९ ऑक्टोबर २०२५

चि. मिताली हीस आशीर्वाद.

तुझ्या मॅडमचं ऐकलं. कापणी झाली सांगितल्यावर तुझा आजा गप झाला. अविनाशनं कुलूप काढलं. काही दिवस बरे गेले. मग म्हाताऱ्यानं नवा भात मागितला. पहिला भात देवाला दाखवून मग आमी खायचो, ते त्याच्या ध्यानात होतं. मी दुकानातला तांदूळ शिजवला, नैवेद्य दाखवला, वाढला. एक घास खाऊन त्यानं ताट सरकवलं. हा आपल्या शेतातला नाय, बोलला. फुलाला तण म्हणणारा माणूस, पण जीभ शाबूत. मग माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, शेत गेलं ना. मी हो बोलले. दुसरं काय बोलणार?

त्या दिवसापासून दाराकडं बघत नाय. काल मीच ओढून बागेत नेला. उपटू दे, वॉचमनशी मी भांडेन, असं ठरवून गेले होते. नवी रोपं लावलीत, सगळी फुललीत. तो बाकावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, परक्याच्या घरी बसावं तसा. एका फुलाला बोट लावलं नाय. उठताना वॉचमनकडं गेला आणि हात जोडून विचारलं, आमी निघू का.

मॅडमला यातलं काही सांगू नकोस. अभ्यास कर. माया कमी करू नकोस.

तुझी आजी रंभा