न पडलेली खपली

१८ नोव्हेंबर १९२३
टोचून घेतली एकदाची! पौडाहून डॉक्टर प्लेगाची लस घेऊन आले होते. चावडीपुढं सगळं रिहे गाव जमलं, पण दंड कोणी उघडा करीना. शेवटी मीच पुढं झालो – शाळेचा मास्तरच मागं राहिला तर झालंच! कोंडाजी पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी घ्या. तुमाला पचली की आमी घिऊ." डॉक्टर महिन्यानं पुन्हा येणार आहेत. दंड ठणकतोय. बाकी काही नाही.

१९ नोव्हेंबर
ताप. येणार म्हणून डॉक्टर बोललेच होते.

२४ नोव्हेंबर
ताप जाऊन चार दिवस झाले, पण पोट बिघडलंय. सकाळपासून चारदा तांब्या घेऊन ओढ्याकडं गेलो. मुलांना पाढे म्हणायला लावून पळालो. परत आलो तर पाढे बंद आणि खिदळणं चालू.

२८ नोव्हेंबर
मुरडा थांबत नाही. तोंड सारखं कडू. ताकसुद्धा कडू लागतं! लसच तर वर येत नसेल? त्या बाटलीत काय होतं, मी विचारलंही नाही. मोठा शहाणा मास्तर!
आई म्हणते, "फोडणीचं खाऊ नगंस, आंबील पी." ती बिचारी रोज हातानं पाजते, म्हणून काहीतरी पोटात जातंय.

३ डिसेंबर
धोतर कमरेला राहत नाही. पाटील येता-जाता विचारतात, "काय मास्तर, कसं काय प्वाट?" मी म्हणतो, "उत्तम!" खोटं बोलायची आता सवय झाली.
सगुणा पाठीवर पाणी घालत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "हाडं वर आल्याती वो." डोळे पुसायला लागली. मी उगाच खेकसलो तिच्यावर. लग्नाला दोन वर्षं झाली, तिच्यावर ओरडायची ही पहिलीच वेळ. मला मरायची भीती वाटते. हे तिला कसं सांगू?

९ डिसेंबर
रक्त पडलं. थोडंच. पण रक्तच.
मुठा खोऱ्यात उंदीर मरून पडायला लागलेत म्हणे. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलेत.

१६ डिसेंबर
डॉक्टर आले. आज चावडीपुढं रांग! मुठ्याच्या बातमीनं सगळे हबकलेत. कोणीतरी म्हणालं, "मास्तर जिता हाय की! मग काय झालं घ्यायला?" पाटलांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, शेवटचं सांगा. घ्यावी का न्हाई?"
उत्तम म्हणणारच होतो. तेवढ्यात बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढं सगुणा दिसली, चोळीची बाही वर करून उभी. जाऊन तिचं मनगट धरलं आणि ओढली मागं. "नको!" – केवढ्यानं ओरडलो! मग सगळंच बोलून गेलो. महिन्याचे जुलाब, रक्त, सगळं.
डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मास्तर, लसीनं महिनाभर असं होत नाही. तुम्ही रोज खाता काय?" मला रागच आला. मी मरायला टेकलोय आणि हे जेवणाच्या चौकशा करतायत!
घटकाभरात चावडी रिकामी झाली. पाटील म्हणाले, "बरं झालं सांगितलंसा." एकानंही टोचून घेतलं नाही. लिहायची लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं.

२० डिसेंबर
कळ आली म्हणून शाळा सोडून लवकर घरी आलो. आई पाट्यावर कडुलिंबाचा पाला वाटत होती. बघतो तर तो रस तिनं माझ्या ताकात पिळला! शेजारी गाडग्यात आंबील, वर फेस आलेला. चार दिवसांची तरी असेल.
"आई, हे काय?"
"तुज्या अंगात देवी आलीया न्हवं? तिला शिळं लागतं, लिंब लागतो. तू न्हाई पाळत, म्हनून मी पाळतीया."
"कधीपर्यंत?"
"खपली पडंस्तवर. ल्हानपनी तुला देवी टोचल्या तवा पंधरा दिसांत पडली. ही पडंनाच की!"
अगं, प्लेगाच्या सुईला खपली धरतच नाही! सांगितलं तिला. तिनं माझा दंड हातात घेतला, उजेडाकडं फिरवून पाहिला. म्हणाली, "मग देवी जायाची कशी?"
आधी हसू आलं, मग रडू. तिला काय बोलणार? घरात देवीचं नाव काढायचं नाही, अशी तंबी मीच दिली होती. म्हणून चोरून करत राहिली.

२३ डिसेंबर
तीन दिवस नुसता मऊ भात आणि मीठ. पोट गप्प! तोंडाचा कडवटपणा गेला. दारोदार फिरून सांगतोय – चूक आमची होती, लस चांगली आहे. पाटील हसले. "आदी चांगली, मंग वंगाळ, आता पुन्ना चांगली. मास्तर, तुमचं कंचं खरं धरायचं?"
डॉक्टरांना निरोप पाठवला होता. ते मुठा खोऱ्यात अडकलेत, आठवडाभर तरी यायचे नाहीत. सगुणा म्हणाली, "येतील तवा मी पयली घेते. आता वढू नगा म्हंजी झालं." हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

२७ डिसेंबर
पाटलांच्या भाताच्या कणगीखाली सात उंदीर मेलेले सापडले. गाव माळावर निघालं. आमची झोपडी मी आणि सगुणेनं मिळून उभी केली. आई देव टोपलीत घालून आणतेय. मीच झोपडीत टोपलीला जागा केली.

२९ डिसेंबर
सगुणेला सकाळी हुडहुडी भरली. काखेत गाठ आहे. मला काहीही झालेलं नाही.